चीनला शिकायला जाऊ का, असं विचारणाऱ्यांसाठी

ऐरोलीत आमच्या सोसायटीत कोणाचा मुलगा बीई झाला की काका लोक मला लिफ्टपाशी गाठतात, "काय रे, चायनाला पाठवावं का?" कारण ओळखीतले बाकी सगळे जर्मनी नाहीतर अमेरिका, चीनमधून मास्टर्स करून आलेला मी एकटाच. लिफ्ट येईपर्यंत एवढं सगळं सांगून होत नाही म्हणून इथे लिहितोय.

मी इथे मेकॅनिकल केलं आणि मग हांगझोऊला इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग प्लस मॅनेजमेंट असा मिक्स कोर्स, कोविडच्या आधी. लेक्चर्स म्हणाल तर ठीकठाक, ऑपरेशन्स रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स जगात सगळीकडे तेच असतं, त्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही. पण हांगझोऊ ज्या प्रांतात आहे ना, झेजियांग, तो प्रांतच खरा सिलॅबस आहे. दातांग नावाचं गाव, तिथे फक्त मोजे. योंगकांगला हार्डवेअर, वेनझोऊच्या बाजूला चाओतोऊ म्हणून आहे तिथे बटणं, आणि हे सगळं ठोक विकायला यीवूचं मार्केट, जिथून २०१४ पासून माद्रिदपर्यंत मालगाडी जाते, जवळपास १३,००० किलोमीटर! मोज्यांच्या गावात सूतवाला, डाइंगवाला, मशीन रिपेअरवाला, पॅकिंगवाला सगळे आजूबाजूलाच, त्यामुळे मशीन बंद पडलं म्हणून माल लटकला असं फारसं होत नाही. आता आपल्याकडे भिवंडी, इचलकरंजी आहेच की, आयडिया नवीन नाही. पण तिथे त्यांच्या मागे निंगबोसारखं बंदर उभं आहे, मालाच्या टनेजमध्ये जगात एक नंबर.

आणि तिथल्या फॅक्टरीत इंजिनीअर वेगळा आणि धंदा बघणारा वेगळा असं मला तरी दिसलं नाही. एक प्लास्टिकचं साधं झाकण घेऊन गेलात तर समोरची बाई आधी विचारणार किती पीस, मग मोल्डचा खर्च तेवढ्या पीसवर वाटून दाखवणार, मग म्हणणार हे दोन स्क्रू काढा, स्नॅप फिट (दाबलं की अडकणारं) करा, असेंब्लीचा माणूस वाचेल, आणि हे सगळं चहा निवायच्या आत. आपल्याकडे मला चार वर्षांत ड्रॉइंग काढायला शिकवलं पण त्या ड्रॉइंगची किंमत काय हे कोणी विचारलं नाही. आज महापेला सोर्सिंगचं (माल कुठून, किती भावात बनवून घ्यायचा ते बघायचं) काम करतो ते याच जोरावर, डिग्रीचा कागद कोणी नीट बघितलाही नाही.

तिथलं शेनझेन शहर बघून मात्र मी थोडा हललो. नवी मुंबई वसवणारी आपली सिडको १९७० ची, शेनझेनचं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) १९८० चं, म्हणजे आपण दहा वर्षं सीनियर! २०२० च्या जनगणनेत शेनझेन पावणेदोन कोटींच्या वर. पण "बघा ते कुठे आणि आपण कुठे" असे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी हेही बघावं की सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींवरून १९८४ ला उरणजवळ जासईला दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढी विकसित जमीन शेतकऱ्याला परत. तसा लढा तिथे उभा करणं सोपं नाही, तेव्हा स्पीडचं कौतुक जरा जपून.

आता व्यवहाराचं. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी फॅक्टरीत इंग्लिश शून्य, त्यामुळे एचएसके (चायनीज भाषेची परीक्षा) चार लेव्हलपर्यंत तरी चायनीज करा, आणि इथूनच सुरू करा, तिथे गेल्यावर वेळ मिळत नाही. स्टुडंट व्हिसावर नोकरी चालत नाही, इंटर्नशिपलाही युनिव्हर्सिटीची परवानगी लागते, त्यामुळे "पार्ट टाइम करून फी काढेन" हे डोक्यातून काढा, स्कॉलरशिप मिळाली तरच जा असं मी म्हणेन. शिवाय तिथे व्हॉट्सअ‍ॅप बंद आणि इथे जून २०२० ला वीचॅटवर बंदी आली, म्हणजे आईशी बोलायला व्हीपीएनची कसरत. माझ्या नंतरच्या बॅचची तर वाटच लागली, २०२० ला बॉर्डर बंद झाली, पुढची दोनेक वर्षं पोरांनी डोंबिवली-ठाण्यात घरी बसून ऑनलाइन लेक्चर्स केली, ज्यात फॅक्टरी नाही, काहीच नाही. डायरेक्ट फ्लाइट्स सुरू व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. दोन देशांचं कधी बिनसेल सांगता येत नाही, हा धोका जर्मनीला नाही, हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगा.

नोकरी लागून तिकडेच सेटल व्हायचं असेल तर सरळ जर्मनीच बघा. घरचा छोटा कारखाना असेल, रबाळ्याला नाहीतर वागळे इस्टेटला, आणि पुढे तोच चालवायचा असेल, तर चीन.

जेवणाचं काकू लोक हमखास विचारतात. शाकाहारी असाल तर बौद्ध मंदिरांच्या आसपास हॉटेलं सापडतात, बाकी वेळ स्वतः शिजवा. भाजणी, मेतकूट न्या, कुकर न्यायच्या आधी हॉस्टेलमध्ये चालतो का ते विचारून घ्या, आमच्याकडे नव्हता चालत.