लाफीतची बाटली उघडण्याआधी

शातो लाफीत रोथशिल्डची वाइन बिघडते ती बहुतेक वेळा शातोच्या फाटकाबाहेर. कोणाच्या तरी उबदार कपाटात, उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये, किंवा टेबलावर शेवटच्या दहा मिनिटांच्या घाईत. एका बाटलीला कित्येकशे युरो मोजणारे लोक बूच मात्र मिळेल त्या ओपनरने उपसतात. त्यामुळे या इस्टेटीच्या वैभवाबद्दल थोडक्यात आणि बाटली सांभाळण्याबद्दल सविस्तर लिहितो.

फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या वायव्येला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर मेदोकचा पट्टा आहे. त्यातल्या पोइयाक गावाच्या उत्तर टोकाला लाफीतचे मळे आहेत, सुमारे 112 हेक्टरचे. त्यातला साडेचार हेक्टरांचा एक तुकडा हद्दीपलीकडे सँत-एस्तेफमध्ये मोडतो, पण जुन्या सवलतीने तिथली द्राक्षंही पोइयाकच्या नावाने बाटलीत जातात. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभावांवरून प्रतवारी लावली, तेव्हा पहिल्या श्रेणीत चार नावं आली आणि लाफीत त्यात सगळ्यात वर होतं. शेजारचं मुतों रोथशिल्ड त्या श्रेणीत चढलं ते थेट 1973 साली. जेम्स द रोथशिल्डने 1868च्या ऑगस्टमध्ये लिलावात लाफीत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वारला. मालकी त्या घराण्यातच राहिली. 2018पासून कारभार सास्किया द रोथशिल्डकडे आहे.

इथली जमीन शेतीच्या नजरेने पाहिली तर गरीबच म्हणायची. वर गोटे आणि वाळू, खाली चुनखडी. पाणी थांबत नाही, म्हणून मुळं खोल जातात आणि वेल पानांचा फापटपसारा वाढवत नाही. गोटे दिवसभर तापतात आणि उशिरा पिकणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्योंला ती ऊब लागतेच. मळ्यात साधारण 70 टक्के लागवड याच जातीची आहे, बाकी मुख्यतः मेर्लो, थोडं काबेर्ने फ्राँ आणि चिमूटभर पेती व्हेर्दो. मुख्य वाइनमध्ये काबेर्नेचं प्रमाण याहून बरंच वर जातं. 1961ची वाइन तर निव्वळ काबेर्नेची होती. वीस वर्षांखालच्या वेलींची द्राक्षं सहसा मुख्य वाइनमध्ये घेत नाहीत, ती 'कारुआद द लाफीत' या दुसऱ्या वाइनकडे जातात.

तोडणी हाताने होते. देठ काढून द्राक्षं लाकडी, सिमेंटच्या आणि स्टीलच्या टाक्यांत आंबवतात. साली सुमारे तीन आठवडे रसातच राहतात, रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) उतरतात ते याच काळात. पुढे 225 लिटरच्या ओकच्या पिंपांत दीड वर्षाच्या आसपास मुरवण. पिंपं इस्टेटीच्या स्वतःच्या कारखान्यात तयार होतात. दर तीन महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात उपसून तळाचा गाळ मागे ठेवतात. शेवटी दर पिंपामागे चार ते सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. बलकातली प्रथिनं खरखरीत टॅनिनला चिकटून खाली बसतात आणि वाइन निवळते. दुसऱ्या वर्षाची पिंपं ठेवायचं गोल तळघर रिकार्दो बोफिल या वास्तुकाराने बांधलं, 1987 साली. खांबांच्या वर्तुळात दोन हजारांवर पिंपं मावतात.

इथवर सगळं तज्ज्ञांच्या हातात असतं. बाटली बंद झाली की काम वेळेचं. तरुण लाफीत जांभळी, आखडलेली आणि हिरड्या ओढून धरणारी असते. वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्याला जोडून मोठे होतात आणि एका मर्यादेनंतर गाळ बनून खाली बसतात. रंग विटकरीकडे झुकतो, तुरटपणा मऊ पडतो आणि ब्लॅककरंट फळाच्या वासाच्या जोडीला देवदाराच्या लाकडाचा, पेन्सिलीच्या शिशाचा आणि तंबाखूच्या पानाचा वास वर येतो. ताकदीची वाइन हवी असेल त्याने दुसरीकडे बघावं. लाफीत अंगाने सडपातळ आहे आणि तिची सगळी गंमत वासात आहे. म्हणूनच हलगर्जीपणाचा फटका तिला आधी बसतो.

खरेदीचे दोन रस्ते. एक 'आँ प्रिमर'चा: तोडणीनंतरच्या वसंतात वाइन पिंपात असतानाच चाखली जाते, भाव जाहीर होतो आणि व्यापाऱ्याकडे पैसे भरले की बाटली सुमारे दोन वर्षांनी हातात येते. भाव हमखास चढेल या हिशेबाने यात उतरू नये. 2009 आणि 2010च्या वाइन चढ्या भावात घेतलेल्यांनी 2011च्या उत्तरार्धापासून घसरण पाहिली आहे. दुसरा रस्ता तयार, जुनी बाटली घेण्याचा. इथे विक्रेत्याला पहिला प्रश्न हा, की ती इतकी वर्षं कुठे होती? शातोतून थेट आलेली किंवा एकाच थंड तळघरात पडून राहिलेली बाटली जास्त पैसे देऊनही स्वस्त पडते.

मग पातळी पाहायची. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात, त्यामुळे वाइन किती उतरली ते चटकन दिसतं. पंधरा वर्षांपर्यंतची वाइन मानेत असावी. तीस-चाळीस वर्षांची बाटली मानेच्या बुडाशी किंवा खांद्याच्या वरच्या कडेला असली तरी चालतं. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर जोखीम, त्याखाली असेल तर तो निव्वळ शोभेचा माल. उलटंही संशयास्पद आहे: साठ वर्षांची बाटली आणि पातळी मानेत असेल तर बूच बदललं आहे का, कोणी आणि कधी बदललं, त्याचा कागद मागा. बुचावरच्या धातूच्या टोपणाखाली बूच फुगून वर आलेलं असेल किंवा मानेवर वाइनचे चिकट ओघळ असतील तर बाटलीने उष्णता भोगलेली आहे. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, बूच ढकलतो, आणि थंड झाल्यावर त्याच वाटेने हवा आत ओढतो.

नकली मालाची भीती खरी आहे. 2008च्या बाटलीवर लाफीतने चीनमध्ये शुभ मानल्या जाणाऱ्या आठ आकड्याचं चिनी चिन्ह कोरलं आणि त्या सुमारास चीनमध्ये या नावामागे लोक असे धावले, की रिकाम्या बाटल्यांनाही भाव आला, कारण त्या पुन्हा भरून विकता येतात. अस्सल बाटलीच्या बुचावर शातोचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं. टोपणाच्या कडेतून ते दिसत नसेल तर विक्रेत्याकडून निदान लेबल, टोपण आणि पातळीचे नीट फोटो मागवा.

साठवणीला चार गोष्टी लागतात. तापमान 12 ते 14 अंश सेल्सिअस, आर्द्रता 70 टक्क्यांच्या आसपास, अंधार आणि आडवी बाटली. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. कायम 16 अंशांवर पडून असलेली वाइन थोडी लवकर म्हातारी होईल इतकंच; पण रोज 12 ते 20 असे हेलकावे खाणाऱ्या बाटलीचं बूच पंपासारखं काम करतं. आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. याचं जगातलं सगळ्यात महागडं उदाहरण लाफीतचंच आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची म्हणून सांगितलेली 1787ची बाटली 1985 साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघरात 1,05,000 पौंडांना गेली. ती खरी की खोटी हा वाद नंतर बराच गाजला, पण त्याआधीच प्रदर्शनातल्या दिव्याखाली उभी ठेवल्याने तिचं बूच सुकून आत घसरलं होतं.

कधी उघडायची? 1982, 1986, 1996, 2000, 2005, 2009, 2010 आणि 2016 ही मोठी वर्षं. यातल्या कशालाही वीस वर्षांच्या आत हात लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. 1982 आणि 1996 आज आनंदाने प्यावीत. 2010ला अजून थांबायला हवं. 1997 किंवा 2013सारख्या हलक्या वर्षांची वाइन लवकर खुलते, ती उगाच राखून ठेवू नये. थांबायची तयारी नसेल तर त्याच घराण्याचं 'द्युआर-मिलों' पाहा. हा चौथ्या श्रेणीचा मळा त्यांनी 1962 साली घेतला. वाइन दहा-बारा वर्षांत बोलकी होते आणि पैसेही बरेच कमी लागतात.

आता प्रत्यक्ष उघडणं. दोन दिवस आधी बाटली उभी करा, तीस वर्षांच्या पुढची असेल तर चार-पाच दिवस आधी. जुन्या लाफीतचा गाळ फार बारीक असतो आणि एकदा ढवळला की तासाभरात बसत नाही. गाळ घशात गेला तर अपाय नाही, पण वाइन गढूळ आणि कडवट लागते. बुचाला चिकटलेले काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी.

टोपण बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेवर कापून वरचा भाग पूर्ण काढा. जुनी टोपणं शिशाची असत, 1990च्या दशकात त्यांच्यावर बंदी आली. म्हणून ओठ आणि बुचाचा माथा ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायचा. तिथे काळी बुरशी असली तर घाबरू नका, ती तळघराच्या दमटपणाची खूण आहे. मग अंगठ्याने बूच हलकेच दाबून पाहा. घट्ट असेल आणि बाटली वीस वर्षांच्या आतली असेल तर साधा वेटरचा स्क्रू चालेल, मात्र लांब. लाफीतचं बूच पाच सेंटिमीटरहून लांब असतं. आखूड स्क्रू अर्ध्यातच थांबतो आणि खालचा तुकडा आत राहतो.

पंचवीस वर्षांपुढच्या बुचाला दोन पात्यांचा ओपनर, 'आह-सो' म्हणतात तो वापरा. स्क्रू मधोमध ओढतो आणि कडा काचेला चिकटलेल्या असतात, म्हणून जुनं बूच मधून फाटतं. पाती बुचाच्या कडेने उतरतात. लांब पातं आधी, मग आखूड, डावी-उजवी डुलवत खाली न्यायची आणि मग गोल फिरवत सावकाश वर घ्यायचं. मात्र दाबल्यावर बूच खाली सरकत असेल तर आह-सो नको, ते सरळ वाइनमध्ये ढकलेल. तिथे स्क्रू तिरका घालून काचेकडे रेटत अगदी हळू ओढायचं. तुकडे पडलेच तर पातळ, धुतलेल्या, बिनवासाच्या मलमलीतून गाळा. कॉफीचा कागदी फिल्टर टाळा, कागदाची चव लागते.

गाळ मागे ठेवून वाइन ज्या काचेच्या भांड्यात ओतायची तो डिकँटर साबणाने धुतलेला नसावा. कपाटाचा वास डिकँटरमध्ये हमखास बसतो, म्हणून आधी नाक घालून पाहा, गरम पाण्याने विसळा आणि निथळू द्या. मोबाइलचा टॉर्च वर तोंड करून टेबलावर ठेवा आणि बाटलीचा खांदा त्या उजेडावर धरा. मेणबत्ती दिसायला छान, पण उजेड डळमळतो. बाटली एकदा कलली की पुन्हा सरळ करायची नाही. मध्ये थांबलात तर आतली लाट मागे जाऊन गाळ उचलते. धार बारीक आणि सलग, काचेच्या कडेवरून. पहिला अर्धा भाग स्वच्छ जातो. शेवटच्या पाचव्या हिश्श्यात खांद्याकडे धुरासारखी एक रेघ सरकताना दिसेल. ती मानेत शिरण्याआधी थांबा. मागे तीन-चार सेंटिलिटर उरलं तर काम नीट झालं.

किती आधी ओतायची हे वयावर. वीस वर्षांखालच्या मोठ्या वर्षाला तीन-चार तास, वीस ते पस्तीसला साधारण तासभर. चाळीसच्या पुढे ग्लास टेबलावर लागल्यावरच, कारण तो नाजूक वास कधीकधी अर्ध्या तासात उडून जातो. ग्लास मोठा, तोंडाशी आत वळलेला, आणि त्यात आठ-दहा सेंटिलिटरच. तापमान 16 ते 18 अंश. बाविसाच्या वर अल्कोहोल नाकात चढतं, बाराच्या खाली तुरटपणा पुढे येतो आणि वास गप्प बसतो.

पहिल्या वासात दोष ओळखता यायला हवा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष, ट्रायक्लोरोॲनिसोल. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅमही पुरतात आणि हवा देऊन तो जात नाही, वाढतोच. शेरीसारखा, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आणि तपकिरी रंग म्हणजे आत हवा गेली. शिजवलेल्या जॅमचा वास असेल तर उष्णता. नेलपॉलिशची झाक म्हणजे वाइन व्हिनेगरच्या वाटेवर आहे. पण जुन्या बाटलीचा उघडल्याबरोबर येणारा कोंदट, तळघरी वास हा दोष नव्हे. वीस मिनिटं द्या, बहुधा जातो. घाईने ओतून टाकलेल्या किती बाटल्या खरं तर ठीक असतील, कोण जाणे.

सोबत जेवण साधं असावं. पोइयाकचं कोवळं कोकरू ही तिथली ठरलेली जोडी, आणि द्राक्षवेलींच्या वाळक्या काड्यांवर भाजलेलं बीफ ही दुसरी. चीजमध्ये मुरलेलं कोंते. निळ्या बुरशीच्या खारट चीजपुढे जुनी लाफीत पातळ आणि धातूसारखी लागते.

उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. तरुण असेल तर दुसऱ्या दिवशी चांगली लागते, जुनी त्याच रात्री संपवा. आणि रिकामी बाटली टाकताना लेबलावर ओरखडे मारा किंवा काच फोडा, बूच वेगळं टाका. कोणीतरी ती पुन्हा भरायला टपलेलं असतंच.