काळी चार ते ए फ्लॅट: ऑडिशनच्या तयारीची वही

१२ ऑक्टोबर

शाळेचं यंदाचं संगीत नाटक जाहीर झालं: ‘फिडलर ऑन द रूफ’. ऑडिशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, प्रयोग मार्चमध्ये. गेल्या वर्षी मी कोरसमध्ये शेवटच्या रांगेत होते. आईबाबांना अख्ख्या नाटकात माझी फक्त टोपी दिसली. यंदा नाव असलेली भूमिका हवी.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. १९०५ साल, रशियन साम्राज्यातलं अनातेव्का नावाचं ज्यू लोकांचं खेडं, तेव्ये नावाचा दूधवाला आणि त्याच्या पाच मुली. गावात येंटे नावाची बाई लग्नं जुळवते, पण थोरल्या तिघी आपापली माणसं स्वतःच शोधतात आणि दर वेळी बापाची आणखी पंचाईत होते. १९६४ साली ब्रॉडवेवर आलं, ३,२४२ प्रयोग झाले. आईला गोष्ट सांगितली तर म्हणाली, “यात परकं काय आहे गं?”

मला दुसरी मुलगी हवी, होडेल. स्टेशनवर बापाचा निरोप घेताना तिला जे गाणं आहे, त्यासाठी.

जमेची बाजू: नाशिकला असताना शास्त्रीय गाण्याच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा, आणि इथे अमेरिकेत एडिसनला आल्यापासून चार वर्षं बाईंकडे ऑनलाइन गाणं. उधारीची बाजू: नाच.

१९ ऑक्टोबर

नियमांचा कागद मिळाला. ३२ बार (बार म्हणजे छापील स्वरलिपीतला तालाचा एक खंड) गायचे, पाठ, पियानोबरोबर, आणि याच नाटकातलं गाणं नको. मी ‘ओक्लाहोमा’मधलं लॉरीचं वॉल्ट्झमधलं गाणं घेतलंय. नाटक १९४३ चं, म्हणजे वळण जुनं, फिडलरला शोभेल असं.

३२ बार ऐकायला भरपूर वाटतात. वॉल्ट्झमध्ये एका बारला तीन मात्रा, म्हणजे एकूण ९६, म्हणजे सहा मात्रांच्या दादऱ्याची सोळा आवर्तनं. मेट्रोनोम मिनिटाला १४४ ठोक्यांवर लावला तर चाळीस सेकंदांत खेळ खलास! आमच्या क्लासच्या कार्यक्रमात चाळीस सेकंदांत माझा ‘सा’सुद्धा लागत नाही.

मग पट्टीची भानगड. मी गाते काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. इथल्या कागदावर तिला ए फ्लॅट म्हणतात हे कळायला दोन दिवस गेले, तोवर मी जी शार्पमधली (त्याच पट्टीचं दुसरं नाव) प्रत शोधत बसले होते. आणि ए फ्लॅटमधली प्रत मिळाल्यावर कळलं की तिचा उपयोगच नाही. रागात माझा सा माझ्या गळ्याला सोयीचा असतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. इथे चाल ठरलेली, तिचा सगळ्यात वरचा सूर ठरलेला. तेव्हा पट्टी त्या वरच्या सुरावरून ठरवायची, आपल्या सा वरून नाही. शेवटी मूळ प्रतीपेक्षा एक स्वर उतरवलेली प्रत विकत घेतली. आपल्याकडे पेटीवाल्या काकांना नुसती पट्टी सांगितली की त्यांची बोटं सरकतात. इथे कागदावर छापलंय तेच वाजणार, आणि ऐन वेळी “जरा उतरवा ना” म्हणणं फारच वाईट दिसतं.

२ नोव्हेंबर

हा आठवडा गंधाराने, म्हणजे सा रे ग मधल्या ग ने, खाल्ला.

पियानोच्या ट्रॅकबरोबर गाऊन शाळेतल्या कोरसच्या सरांना ऐकवलं. ते म्हणाले, छान आहे, पण तिसरा स्वर सारखा उतरतोय. मी! गंधार उतरतोय! रात्री ते रेकॉर्डिंग बाईंना पाठवलं, त्यांचं उत्तर एका ओळीत आलं: “सुरात आहेस, काळजी करू नकोस.”

दोघंही बरोबर होते. फोनवर ट्यूनर लावून तासभर बसले तेव्हा उलगडा झाला. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). माझा कान लहानपणापासून त्या तारेवर वाढलेला. पियानोचे बारा स्वर मात्र सारख्या अंतरावर बसवलेले असतात. शास्त्र कळलं म्हणून गळा ऐकतो थोडाच? आठ दिवस झाले, सकाळचा रियाज तानपुरा ॲप बंद करून पियानोची एकच पट्टी दाबून करतेय. सा, ग, सा, ग. पाचव्या दिवसापासून बसायला लागला. बाईंच्या तासाला तो पुन्हा खाली आणावा लागतो, ती वेगळीच कसरत.

९ नोव्हेंबर

सरांची दुसरी तक्रार: मी प्रत्येक सुरावर खालून घसरत येते. याला इथे स्कूपिंग म्हणतात आणि ते आळशीपणाचं लक्षण मानतात. आपण त्यालाच कणस्वर (मुख्य सुराआधी हलकेच लागणारा सूर) म्हणतो आणि परीक्षेत त्याचे गुण मिळतात!

उपाय आबांनी सुचवला. त्यांनी तरुणपणी ‘सौभद्र’मध्ये काम केलंय. म्हणाले, “आधी नुसतं बोल. कोणाला सांगतेयस, का सांगतेयस. मग तेच सुरात बोल. गळ्याला हरकती-मुरक्या घ्यायला जागाच उरणार नाही.” करून पाहिलं. ‘कोणाला’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच, मी आपली भिंतीवरच्या घड्याळाला गात होते. आता खिडकीबाहेरच्या मेपलच्या झाडाला सांगते. ते निदान हलतं तरी.

सरावाचा व्हिडिओ काढला, त्यात आणखी एक सापडलं. माझा उजवा हात मांडीवर ताल धरतोय. सगळी सोळा आवर्तनं, समेसकट. मला पत्ताच नव्हता.

१६ नोव्हेंबर

व. मराठीत एकाच व वर आपलं भागतं. इंग्रजीत ओठांचा चंबू करून एक, आणि वरचे दात खालच्या ओठाला लावून दुसरा. बोलताना मला जमतं, पण गाताना वरचा सूर आला की दात परत ओठावर. आरशासमोर ‘वाइन, व्हाइन, वाइन, व्हाइन’ वीस वेळा. बाबा दारात येऊन थांबले आणि काहीही न विचारता परत गेले.

२३ नोव्हेंबर

नाचाची कार्यशाळा. पाय एकमेकांमागून घेत आडवं सरकायचं, तेही आठ आकड्यांत. शाळेत लेझीम खेळले होते म्हणून लय चुकली नाही, दिशा चुकली. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

३० नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत फाइल केली. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सांगते: तीन कड्यांची फाइल घ्या, पानं पाठपोट लावा म्हणजे वाजवणाऱ्याला कमी उलटावी लागतात, आणि चकचकीत प्लॅस्टिकची पाकिटं टाळा, दिव्याखाली कागद दिसत नाही. सुरुवात आणि शेवट ठळक खुणांनी दाखवा. लय सांगायला चुटक्या वाजवू नका, दोन ओळी हळूच गुणगुणा. चुटक्या वाजवलेल्या वाजवणाऱ्यांना अजिबात आवडत नाहीत असं ऐकलंय, आणि माझ्या हातांचा काही भरवसा नाही.

३ डिसेंबर

झालं एकदाचं. छातीवर नंबर १७. समोर टेबलामागे तिघं. नाव, इयत्ता, गाणं सांगितलं, पियानोपाशी जाऊन गुणगुणले, आणि चाळीस सेकंद खरंच चाळीसच सेकंद असतात. गंधार बरोबर जागी लागला. हात गप्प राहिला, फक्त शेवटच्या समेला एक टिचकी गेलीच.

मग न वाचलेला उतारा वाचायचा होता. मला होडेलचा मिळेल असं वाटलं, हातात पडला येंटेचा: ती होडेलच्या आईकडे स्थळ घेऊन आलीय आणि मुद्द्यावर येतच नाही. तयारी शून्य. डोळ्यांपुढे आली ती आत्या, सिडकोतल्या घरी खुर्चीच्या कडेवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली, “मी लगेच निघणारे” म्हणत. मी तशीच बसले. तिच्यासारखाच प्रश्न विचारला आणि समोरचीने तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकलं. टेबलामागच्या एकाने पेन खाली ठेवलं आणि हसला.

५ डिसेंबर

यादी लागली. होडेलसाठी चौघींना परत बोलावलंय, त्यात मी नाही. दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली. माझं नाव खाली, येंटेसमोर.

येंटेला गाणं जवळजवळ नाहीच. गावभर अफवा पसरते त्या गाण्यात तिच्या वाट्याला येतं तेवढंच. जवळजवळ सहा आठवडे घासलेला गंधार कुठे ठेवायचा, हा प्रश्न आहे. दुपारभर रुसून झालं.

रात्री आत्याला फोन लावला. “आत्या, एखाद्याकडे स्थळ घेऊन गेलीस की आधी काय बोलतेस?”

“आधी चहाला नाही म्हणायचं,” ती म्हणाली, “आणि उठायचं नाही.”

पुढची बावीस मिनिटं ती एकटीच बोलत होती. सगळं रेकॉर्ड केलंय. परवा दुसरी फेरी, तोपर्यंत तीन पानं पाठ करायचीत आणि आईची जुनी पर्स शोधायचीय.