तोरणमाळला भाजीपाला लावला, त्याचा माझा अनुभव

मी मूळची अमळनेरकडची. आमच्याकडे झाड लावलं की पहिला प्रश्न पाण्याचा. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा आई वांग्याच्या झाडाला घालायची, आप्पांच्या कापसाला ठिबक, त्यामुळे झाड मरतं ते पाण्यावाचून हे डोक्यात एकदम पक्कं. आणि मागच्या वर्षी जूनमध्ये माझी बदली झाली तोरणमाळच्या शाळेवर. आहे खान्देशातच, नंदुरबार जिल्हा, पण शहाद्याकडून सातपायरी घाट चढून वर आलं की गाव अकराशे मीटरच्या वर, जुलैत धुकं इतकं की क्वार्टरसमोरचं झाड दिसत नाही, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ताजी भाजी रोज मिळेलच असं नाही म्हणून ठरवलं की मागच्या अंगणात आपणच लावू. त्याआधी मी कुंडीपण सांभाळली नव्हती.

जागा निवडली ती अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात, कारण तिथली माती मऊ वाटली. टोमॅटो, मिरची, मेथी, कोथिंबीर सगळं एकदम पेरलं. मेथी उगवली, दोन पानांवर आली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी बघते तर निम्मी आडवी. एक रोप उचलून नीट पाहिलं, पानं हिरवीगार पण मातीलगतचा भाग चिमटीत दाबल्यासारखा बारीक, तपकिरी, ओलसर. मला वाटलं सुकतंय, मी अजून पाणी घातलं! आप्पांना फोन केला तर म्हणाले, "आते पानी नको टाकू व माय, मुळ्या कुजी जातीन." यालाच रोप कोलमडणं म्हणतात, बुरशी असते, थंड आणि चिपचिपीत मातीत ती झपाट्याने पसरते हे नंतर कळलं. दाट पेरलं असेल तर एका रोपावरून दुसऱ्यावर.

शेजारच्या पाड्यातली एक ताई शाळेत यायची, तिने जागा बघितली आणि म्हणाली, मॅडम, हितं तर सगळ्या अंगणाचं पाणी येतं, आम्ही उतारावर लावतो. मग मी तिथे फूटभर खड्डा केला, संध्याकाळी भरून ठेवला, सकाळी पाणी जवळजवळ तसंच. माती मऊ नव्हती, ती फुगलेली होती.

मग ऑगस्टच्या उघडिपीत सगळं नव्याने केलं. वरच्या बाजूला तीन फूट रुंद आणि फूटभर उंच असे गादीवाफे, दोन्हीकडून हात पोचेल एवढेच, म्हणजे वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही, पाय पडला की चिकट माती पुन्हा घट्ट बसते. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत, पालापाचोळा, थोडी वाळू. आणि वाफ्यांच्या मधून उताराकडे जाणारे चर, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे तेच, आठवड्यातून एकदा तरी खुरप्याने मोकळे करावे लागतात. टोमॅटोचं बी थंडीत लवकर उगवत नाही म्हणून ट्रे स्वयंपाकघरात चुलीजवळच्या फळीवर ठेवला, शहाद्याहून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी, आणून कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळलं. यावेळी एकही रोप कोलमडलं नाही, मला खरंच रडू आलं होतं.

मग गोगलगायी. दिवसा एक दिसत नाही आणि सकाळी कोबीच्या पानांची जाळी, वर चकचकीत चिकट रेघ. रात्री नऊला टॉर्च घेऊन गेले तर एका रोपावर सात. औषधापेक्षा बारदानाने काम झालं, गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकायचं, सकाळी उलटायचं, खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात. पंधरा दिवस रोज केलं. चुन्याची रेघपण ओढून पाहिली पण पहिल्याच सरीत वाहून गेली.

टोमॅटोवर करपा मात्र आलाच. पानावर पाण्यात भिजल्यासारखे तपकिरी डाग आणि सकाळी पान उलटलं की डागाच्या कडेने पांढरी बारीक लव. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक ज्याने संपवलं आणि लाखो माणसं भुकेने गेली, तोच हा रोग, टोमॅटो-बटाटा दोन्हीवर येतो. डागाळलेली झाडं मी उपटून लांब पुरली. राहिलेल्यांची खालची पानं काढली, अंतर दोन फूट केलं, बांबूवर प्लास्टिकचा कागद ताणून छत केलं पण बाजू उघड्या, वारा खेळला पाहिजे. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारलं, एक टक्क्याचं, म्हणजे लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं अजिबात नको. हे मिश्रण रोग यायच्या आधी फवारायचं असतं, मी उशीर केला. बारापैकी पाच झाडं वाचली.

पण ऑक्टोबरनंतर पाऊस थांबला, थंडी पडली आणि त्याच वाफ्यांवर वाटाणा, कोबी, मुळा, पालक असं आलं की शाळेतल्या सगळ्यांना वाटून दिलं. डिसेंबरात आप्पा आले, वाटाण्याची शेंग सोलून तिथेच उभ्याने खाल्ली, मग वाकून चरात हात घातला, माती चोळून बघितली आणि पिशवी मागितली. अमळनेरला परत जाताना दोन किलो वाटाणा आणि एक कोबी घेऊन गेले. यंदा मी चर मे महिन्यातच काढून ठेवलेत, टोमॅटोचं छतपण पावसाआधीच उभं केलंय.