एलँडची शेपटी धरलेला माणूस

दक्षिण आफ्रिकेतला सानी पास हा घाट बर्फामुळे बंद असल्याचा निरोप सकाळी सहालाच आला. ग्रुप सांगली-कोल्हापूरकडचा, बहुतेक निवृत्त मंडळी. जीपने शेजारच्या लेसोथो देशाच्या सीमेपर्यंत चढून जायचं म्हणून सगळे नवे स्वेटर घालून नाश्त्याला हजर. अशा वेळी टूर मॅनेजरच्या हाताशी दुसरं काहीतरी तयार असावं लागतं. ड्रेकन्सबर्गच्या डोंगरांत ते काय असावं हे माझ्या मनात केव्हाचं पक्कं होतं: कामबर्गचा गेम पास शेल्टर, जुन्या चित्रांचा कडा. फोन करून स्थानिक गाइड ठरवली आणि कोच तिकडे वळवला.

"चित्रं बघायला डोंगर चढायचा?" एका काकूंनी विचारलं. जाऊन-येऊन तीनेक तासांची चाल आहे म्हटल्यावर गुडघेदुखीवाले खाली पायथ्याच्या माहिती केंद्रातच थांबले. बाकीचे निघाले. गाइड पायथ्याच्या वस्तीतली झुलू मुलगी. ती इंग्रजीत सांगणार, मी मराठीत. या डोंगररांगेत सान लोकांनी, म्हणजे इथल्या मूळच्या शिकारी लोकांनी, रंगवलेल्या सहाशेच्या आसपास जागा आहेत आणि चित्रं पस्तीस हजारांच्या घरात. 2000 साली या डोंगरांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात या चित्रांचा वाटा मोठा.

वर पोचल्यावर सगळे एकदम गप्प झाले. पुढे झुकलेल्या कड्याखाली भिंतभर एलँड. एलँड हे काळवीट-नीलगायींच्या गटातलं सगळ्यात थोराड जनावर, मोठा नर नऊशे किलोपर्यंत भरतो. अंगाचा तांबडा रंग पोटाकडे उतरताना हलके हलके पांढऱ्यात मिसळलेला. गळ्याखालची पोळी, खांद्यावरचा उंचवटा, खुरांची चीर, काहीही सुटलेलं नाही. रंग गेरूचा आणि पांढऱ्या मातीचा. 1930च्या सुमारास लेसोथोत मापोटे नावाच्या म्हाताऱ्याने जुन्या पद्धतीने चित्र काढून दाखवलं होतं, तेव्हा त्याने रंगात कालवायला नुकत्याच मारलेल्या एलँडचं रक्त मागितलं होतं.

तेवढ्यात ग्रुपमधल्या एकांनी पाण्याची बाटली उघडली. भिंतीवर पाणी मारलं की रंग उठून दिसतो, फोटो छान येतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. ग्रुपमधल्या माणसाचा हात धरणं आमच्या कामात बसत नाही, पण पूर्वीच्या पर्यटकांनी अशीच पाणी मारून मारून कितीतरी चित्रं फिकी केली आहेत. गाइडने हे शांतपणे समजावून सांगितलं आणि बाटली पिशवीत गेली.

मग ती आम्हाला जरा बाजूच्या एका चित्रापाशी घेऊन गेली. एकच एलँड, आणि त्याच्या मागे त्याची शेपटी धरून उभा असलेला माणूस. "शिकारीचं चित्र," कोणीतरी म्हणालं. आमचे डॉक्टरकाका मात्र पुढे झाले. त्यांची सगळी नोकरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलेली. चष्मा पुसून ते बराच वेळ बघत राहिले.

"पोरी, तिला विचार, या जनावराला विष दिलंय का?"

"का हो काका?"

"मान टाकलीय बघ. मागचे पाय एकमेकांवर पडलेत, तोल गेलाय. अंगावरचे केस उभे आहेत. हे जनावर आता पडणार."

मी गाइडला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. सानांचे बाण विषारी असत. विष सावकाश भिनायचं आणि शिकारी तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, माग काढत जायचे. मरणारा एलँड त्यांनी अगदी जवळून पाहिलेला होता.

"आता त्या माणसाचे पाय बघा," ती म्हणाली.

त्याचेही पाय एकमेकांवर, एलँडसारखेच. आणि पावलांच्या जागी खूर.

1873 साली लेसोथोतल्या मालोटी डोंगरात जोसेफ ऑर्पन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला क्विंग या सान तरुणाने वाट दाखवली होती. हरणाचं डोकं असलेल्या माणसांच्या चित्रांबद्दल विचारल्यावर क्विंग म्हणाला, ही मेलेली माणसं आहेत, आता नदीत राहतात. एलँड बिघडले तेव्हाच, नाचांमुळे हीही बिघडली. ऐकणाऱ्याला हे कोडंच वाटलं असणार. शंभरेक वर्षांनी या चित्रांचे अभ्यासक डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी या भिंतीशी त्याची सांगड घातली. सानांच्या नाचात वैदू रात्रभर नाचून अशा अवस्थेला पोचतो की तो पुढे वाकतो, थरथरतो, नाकातून रक्त येतं, कोसळतो. त्याला ते मरणच म्हणतात. मरणाऱ्या एलँडची शक्ती अंगात घेऊन तो रोग बरे करायला, पाऊस आणायला पलीकडे जातो. मला हा अर्थ मनापासून पटतो. आदिमानवाने पोटासाठी शिकार चितारली, असं आपण शाळेत शिकलो. पण सानांच्या ताटात इतरही जनावरं होती, आणि ज्याच्यावर एवढी मेहनत घेतली तो एलँडच.

उतरताना मी काग्गेनची गोष्ट सांगितली. ती इथली नाही, पश्चिमेकडच्या कोरड्या कारूतल्या खाम सानांची आहे. काग्गेन म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा प्रार्थनाकीटक, पण माणसासारखा वागणारा. त्याने जावयाचा जोडा पाण्यात भिजत ठेवला आणि त्यातून एलँड घडवला. मध चोळून, मध भरवून वाढवला. मुंगूस नातवाने पाळत ठेवून गुपित फोडलं, आणि जावयाने मीरकॅटांसह (मुंगसासारखे छोटे प्राणी) एलँड मारला. काग्गेन रडला. झुडपावर टांगलेली पित्ताची पिशवी त्याने फोडली, पित्त डोळ्यांत गेलं, सगळीकडे अंधार. चाचपडताना शहामृगाचं पीस हाती लागलं, त्याने डोळे पुसले आणि ते आकाशात भिरकावलं. तो चंद्र.

"म्हणजे ज्याने घडवला त्याच्याच घरच्यांनी मारला," काकू म्हणाल्या. सकाळी डोंगर चढायला कुरकुरलेल्या त्याच.

ही गोष्ट उरली कारण 1870 नंतर भाषातज्ज्ञ विल्हेल्म ब्लीक आणि त्याची मेव्हणी लूसी लॉइड यांनी केप टाउनच्या तुरुंगातले खाम कैदी आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांचं बोलणं लिहून काढलं, जवळपास बारा हजार पानं. आज ती भाषा बोलणारं कोणी नाही. कोचमध्ये मी पाच रँडचं नाणं फिरवलं. त्यावरच्या राजचिन्हातलं बोधवाक्य खाम भाषेत आहे, आणि मधली दोन माणसंही सानांच्याच एका चित्रावरून घेतलेली.

केंद्रात थांबलेल्यांना ते चित्र डॉक्टरकाकांनीच समजावलं, स्वतःचे पाय एकमेकांवर टाकून, मान खाली सोडून. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

जोहान्सबर्गला परतीच्या विमानाआधीचा वेळ खरेदीसाठी राखलेला होता. तिथल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात सानांच्या चित्रकलेचं ओरिजिन्स सेंटर आहे, हे मी सहज सांगितलं. खरेदीला जाणाऱ्यांसाठी वेगळी गाडी सांगितली. त्या गाडीत मोजकीच माणसं बसली, बाकी सगळा ग्रुप माझ्याबरोबर आला.