अकरा नंबरची जर्सी

आमच्या घरी एक निळी जर्सी आहे, ११ नंबरची. धुऊन धुऊन पिवळ्या आकड्याला भेगा पडल्यात. २०२४ च्या जुलैत लेकाने तिची घडी घातली आणि कपाटात अगदी तळाला सारली. एरवी घडी घालणाऱ्यातला तो नाही. तो नंबर ज्याचा, तो क्ले थॉम्पसन एनबीएतला (अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग) सॅन फ्रान्सिस्कोचा संघ वॉरियर्स सोडून डॅलसच्या संघाकडे निघाला होता.

फोनवर आईने विचारलं, "का गं, विकलं का त्याला?" आयपीएल बघून बघून तिला लिलावाचीच सवय. इथे तसं नसतं. करार संपला की खेळाडू 'फ्री एजंट'. ३० जूनच्या संध्याकाळपासून दुसऱ्या संघांशी बोलणी करायला मोकळा. सह्या मात्र ६ जुलैपासून. मधले दिवस सगळं तोंडी. साखरपुडा झालाय, लग्न व्हायचंय.

क्ले तेव्हा ३४ वर्षांचा. २०११ पासून एकाच संघात, चार अजिंक्यपदं. २०१९ च्या अंतिम मालिकेत गुडघ्याचा लिगामेंट फाटला, आणि त्याच उन्हाळ्यात वॉरियर्सनी त्याच्याशी पाच वर्षांचा १९ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्या वर्षी टाचेची शीर गेली. ९४१ दिवस तो मैदानाबाहेर होता, पगार चालू. बास्केटबॉलमधली ही मोठी सोय: असा करार झाला की दुखापत झाली तरी पैसे मिळतात. अडचण येते ती पुढच्या कराराला. तिथे काल काय केलंस हे कुणी विचारत नाही, उद्या काय जमेल ते विचारतात. आणि वॉरियर्सकडून त्याचा शेवटचा सामना, एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोला: दहा वेळा नेम धरला, एकही बास्केट नाही. शून्य. आम्ही टीव्ही बंद केला तेव्हा कुणी काही बोललं नाही.

त्यात पगाराची मर्यादा. ती फारच ओलांडली तर दंडासारखा कर, आणखी वर गेलात तर नवे खेळाडू घ्यायचे बरेच रस्ते बंद. म्हणजे म्हाताऱ्या हिरोला माया म्हणून जास्त दिले, तर तेवढे कुणा दुसऱ्याचे कापावे लागतात.

एक नियम मात्र मला फार आवडतो. दहा वर्षं खेळलेल्याचा किमान पगार त्या हंगामात ३३ लाख डॉलर होता. पण एका वर्षाच्या किमान करारावर त्याला घेतलं, तर संघाच्या खात्यावर दोनच वर्षं खेळलेल्या पोराइतकेच, साधारण २१ लाख लागतात. वरचे लीग भरते. अनुभवी माणूस महाग पडतो म्हणून घरी बसू नये, एवढ्यासाठी. आमच्या आयटीत असं काही असतं, तर पन्नाशीतले किती जण गेल्या दोन वर्षांत वाचले असते! (आयपीएलने उलटी शक्कल लढवली. धोनीला 'अनकॅप्ड', म्हणजे देशासाठी न खेळलेल्यांच्या गटात, धरून ४ कोटी रुपयांत ठेवला.)

क्लेवर किमान पगाराची वेळ आली नाही. डॅलसने तीन वर्षांचे ५ कोटी डॉलर दिले, सहा संघांच्या अदलाबदलीतून. आधीच्या करारात शेवटच्या एकाच वर्षाचे ४ कोटींहून जास्त होते, यावरून उतार समजा. शिवाय टेक्सासात राज्याचा आयकर नाही. आमच्या ओळखीतली किती मराठी घरं त्याच हिशोबाने डॅलसजवळच्या फ्रिस्कोला गेली, त्यांना कुणी गद्दार म्हटलं नाही.

१२ नोव्हेंबरला तो सॅन फ्रान्सिस्कोत परत आला, डॅलसचा ३१ नंबर घालून. तिकिटांचे भाव बघून आम्ही सोफ्यावरच. तो पूर्वी सरावाला स्वतःची बोट चालवत यायचा, म्हणून त्या दिवशी प्रेक्षकांना कप्तानाच्या टोप्या वाटल्या होत्या. सगळं स्टेडियम टोप्या घालून उभं. क्लेचे २२ गुण, वॉरियर्सच्या स्टीफन करीचे ३७, वॉरियर्स १२०-११७ ने जिंकले.

लेक ती जर्सी घालून बसला होता, चुरगळलेली, तळातून ओढून काढलेली. रात्रभर ओरडत होता. कोणाच्या बाजूने, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.