आमची वाटचाल : गळके कॅपॅसिटर आणि जुने सॅटेलाइट रिसीव्हर

जुन्या ॲनालॉग सॅटेलाइट रिसीव्हरमधले गळलेले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, बदलायचे आणि त्या गळतीनं बोर्डाची जी नासधूस केली असेल ती निस्तरायची, हे आमच्या फर्मचं काम. बाकीचं सगळं हळूहळू सोडत गेलो आणि हेच धरून राहिलो.

सुरुवात चारचौघांसारखीच. टीव्ही, व्हीसीआर, टेबलावर येईल ते. सॅटेलाइट रिसीव्हर त्यात अधूनमधून यायचे. पुढे डिजिटल आलं आणि ॲनालॉग प्रक्षेपणं एकेक करून थांबली. युरोपात डिसेंबर १९८८मध्ये ॲस्ट्रा १ए उपग्रह वर गेला आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरी डिश लागल्या. त्याच ॲस्ट्रावरचं ब्रिटनच्या स्कायचं ॲनालॉग प्रक्षेपण सप्टेंबर २००१मध्ये बंद झालं, जर्मन वाहिन्यांचं ३० एप्रिल २०१२ला. सेट अडगळीत गेले. धंद्याच्या हिशेबानं विषय तिथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही याचं मोठं श्रेय हॅम मंडळींना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना. हे रिसीव्हर एलएनबीकडून, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणाऱ्या डबीकडून, येणारा साधारण ९५० ते १७५० मेगाहर्ट्झचा एफएम सिग्नल घेतात. हौशी रेडिओवाल्यांचा २३ सेंटिमीटरचा पट्टा, म्हणजे १२४० ते १३०० मेगाहर्ट्झ, नेमका त्याच्या पोटात येतो. एलएनबीच्या जागी थेट अँटेना जोडली की हाच डबा हौशी टीव्हीसाठी तयार रिसीव्हर होतो. फक्त इनपुटवर येणारा १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा आधी तोडावा लागतो, कारण कित्येक अँटेना डीसीला, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेला, शॉर्ट असतात. हे काम आम्ही कॅपॅसिटरसोबतच करून द्यायला लागलो आणि एकाचं ऐकून दुसरा येत गेला. मग संग्राहक आले. त्यांना सेट मूळ रूपात, पण चालता हवा असतो. ही दोन्ही गिऱ्हाइकं घाई करत नाहीत. आमचं काम सुधारलं ते त्यामुळेच.

आमच्या टेबलावरचा पहिला नियम : आलेला सेट लगेच मेन्सला लावायचा नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे आत द्रव असलेल्या, कॅपॅसिटरचा ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो, आणि गळलेलं द्रव दोन ट्रॅकमध्ये पूल बांधून बसलेलं असतं. तेवढ्यावर एखादी मूळची आयसी जाते, आणि ती आयसी आता मिळत नाही. म्हणून आधी झाकण उघडायचं, भिंगाखाली बोर्ड फिरवायचा, फोटो काढायचे. चालू असलेला सेट तपासून बंद केला, तरी प्राथमिक बाजूचा मोठा फिल्टर कॅपॅसिटर रेझिस्टर लावून उतरवायचा. २३० व्होल्ट मेन्सवर त्याच्यात सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. आमच्याकडे ती पद्धत चालत नाही.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच तक्रार सांगतं : "काल चालू होता, लाइट जाऊन आली आणि मेला." यात काही गूढ नाही. हे रिसीव्हर स्टँडबायवर अखंड तापत राहायचे. पॉवर सप्लायच्या कंट्रोलर आयसीजवळ एक छोटा स्टार्टअप कॅपॅसिटर असतो आणि बऱ्याच डिझाइनमध्ये तो हीटसिंकला खेटून बसवलेला असतो. तो आतून सुकला तरी एकदा सुरू झालेला सप्लाय चालत राहतो. वीज गेली की पुन्हा उठायची ताकद त्याच्यात उरत नाही. हिशेब साधा आहे : तापमान १० अंशांनी उतरलं की कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तास लिहिलेला कॅपॅसिटर ६५ अंशांच्या जागी अंदाजे ३२,००० तास टिकेल, म्हणजे अखंड चालू ठेवला तर पावणेचार वर्षांच्या आत-बाहेर. तेवढ्याच तासांचा पण ८५ अंशांचा माल असेल तर त्याच जागी ८००० तास, वर्षसुद्धा नाही. म्हणून गरम कोपऱ्यात आम्ही १०५ अंशांचाच, जास्त तासांचा आणि कमी ईएसआरचा, म्हणजे कमी आतल्या रोधाचा, कॅपॅसिटर लावतो, मूळचा कुठलाही असो.

दुसऱ्या तक्रारी जास्त गोड. अर्धीच चॅनेल दिसतात? एलएनबीला उभ्या ध्रुवीकरणासाठी १३ आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट लागतात. त्या लाइनवरचा कॅपॅसिटर थकला आणि लोड आल्यावर १८चे १४ झाले की आडवी चॅनेल गायब. चित्र सतत थरथरतं? प्रक्षेपणात कॅरिअरची, म्हणजे सिग्नल वाहून नेणाऱ्या लहरीची, शक्ती एका जागी साचू नये म्हणून व्हिडिओवर एक मंद त्रिकोणी लहर चढवलेली असते, ५० हर्ट्झच्या चित्रपद्धतीत २५ हर्ट्झची. रिसीव्हरमधलं क्लॅम्प सर्किट ती काढून टाकतं. तिथला एक-दोन मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर सुकला की लहर पडद्यावर उतरते. अशा वेळी ट्यूनर बदला म्हणून सांगणारे भेटतात. ट्यूनरला हात लावायची गरज नसते. ऑसिलोस्कोपवर व्हिडिओची रेघ त्रिकोणात वर-खाली झुलताना दिसते, नवा कॅपॅसिटर लावला की ती जागच्या जागी सपाट होते, आणि हे बघायला आम्ही अजूनही दोघं-तिघं टेबलाभोवती जमतो.

आता खरी मेहनत जिथे जाते ते सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला बनलेल्या बऱ्याच सरफेस माउंट, म्हणजे भोकाशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या, इलेक्ट्रोलायटिकमध्ये क्वाटर्नरी अमोनियमच्या क्षारांचं इलेक्ट्रोलाइट होतं. ऋण टोकाशी ते तीव्र अल्कली बनतं आणि रबराची सील खातं. असा कॅपॅसिटर वरून फुगत नाही, बुडातून झिरपतो. वरून पाहणाऱ्याला तो नवा कोरा वाटतो. आम्ही बघतो ते पायाजवळचं कथील : चकाकी जाऊन करडं पडलेलं, आयर्न टेकवला तरी पटकन न वितळणारं. तापवलं की मासळीसारखा वास सुटतो. त्या वासानंतर आमच्याकडे कुणी घाई करत नाही. ताजं फ्लक्स, थोडं नवं कथील जुन्यात मिसळायचं आणि दोन आयर्न दोन्ही पायांना एकदम लावून कॅपॅसिटर सरळ वर उचलायचा. पिरगाळून काढायची पद्धत काही जण छातीठोकपणे सांगतात, तिनं चांगल्या बोर्डावर कामही होतं. पण अल्कलीनं पॅडखालचा, म्हणजे पाय ज्यावर सोल्डर होतो त्या तांब्याच्या तुकड्याखालचा, गोंद खाल्लेला असेल तर कॅपॅसिटरसोबत पॅडही हातात येतं, म्हणून गळक्या बोर्डावर ती आम्हाला मान्य नाही.

नंतर धुणं. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून अल्कली मरत नाही. सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी ब्रशनं डागापुरतं लावायचं, मग शुद्ध पाण्यानं धुवायचं, मग अल्कोहोल, आणि शेवटी पूर्ण कोरडं. ट्रॅकवरचा काळा-हिरवा भाग तांबं दिसेपर्यंत खरवडायचा. कॅपॅसिटरच्या बुडाखालचं व्हाया, म्हणजे बोर्डाच्या दोन बाजू जोडणारं भोक, मीटरनं दोन्हीकडून तपासायचं. ते आतून खाल्लं गेलं असेल तर त्यातून बारीक तार ओवून दोन्ही बाजूंना सोल्डर करायची. एका कॅपॅसिटरखाली असं व्हाया सापडलं की शेजारच्या सगळ्यांखाली बघायचं, हे आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच आठवड्यात पाठ होतं.

ज्या रिसीव्हरमध्ये डिश फिरवायचा पोझिशनर असतो, त्यांतल्या काहींत मेमरीसाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी बोर्डावरच असते. कॅपॅसिटरपेक्षा तिचा प्रताप मोठा. तीही अल्कलीच सोडते, पण जास्त, आणि तारांच्या आतून दूरवर पोचते.

डिटेक्टिव्हगिरीचा एक भाग इथे सांगायलाच हवा. मोठ्या कॅपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग दिसला की तो गळलाच असं धरू नये. कारखान्यात जड भाग हलू नयेत म्हणून लावलेला डिंक उष्णतेनं तसाच दिसतो. पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नसतो : जुना झाल्यावर तो थोडी वीज वाहू देतो आणि खालच्या तारा गंजवतो. तो संपूर्ण काढून टाकतो.

"सगळेच बदलून टाका" असं पुष्कळ जण म्हणतात. पॉवर सप्लायमध्ये आम्ही तेच करतो, आणि सरफेस माउंट इलेक्ट्रोलायटिक तर एकही शिल्लक ठेवत नाही. व्हिडिओ आणि ऑडिओ विभागात मात्र एकेक मोजतो. नुसती कपॅसिटी मोजून चालत नाही, ती बरोबर दाखवणारा कॅपॅसिटरही ईएसआरमध्ये नापास होतो. मोजमापात खणखणीत असलेला भाग काढायला गेलं तर तीस वर्षं जुन्या पॅडला विनाकारण दोनदा उष्णता बसते. संग्राहकांशी यावरून आमचे वाद झाले आहेत. आम्ही प्रत्येक सेटचा कागद ठेवतो : कुठला भाग, काढताना ईएसआर किती, जागा कुठली, शेजारी काय तापतं. तो कागद पुढ्यात ठेवला की वाद लवकर मिटतो.

सध्या आम्ही टाकाऊ सेटही घेतो, ट्यूनर आणि मूळ आयसींसाठी. ट्यूनरच्या पत्र्याच्या डबीतही एखादा कॅपॅसिटर असतोच, आणि ती उघडून पुन्हा नीट सोल्डर करून बंद करायचं काम आता आमची नवी मंडळी आमच्याइतकंच सफाईनं करतात. तुमच्याकडे असा रिसीव्हर असेल तर पाठवण्याआधी "बघू तरी चालतो का" म्हणून लावू नका. झाकण उघडता येत असेल तर बोर्डावरची बॅटरी तेवढी कापून काढा, आणि तिची कुठली बाजू धन होती ते कागदावर लिहून डब्यात ठेवा.