अर्ध्या मिलिमीटरची चोच

सराटा कोणाकोणाला माहितीये? ठाण्या-नवी मुंबईत वाढलेल्या पोरांना बहुतेक नसेलच, पण ज्यांचं गाव सोलापूर, नगर, बीड अशा कोरड्या बाजूला आहे त्यांच्या तळपायांना तो पक्का माहितीये, जमिनीला चिकटून पसरणारं पिवळ्या फुलांचं झुडूप आणि त्याची ती काटेरी फळं, चपलेतून आरपार जातात, सायकलची ट्यूब पंक्चर करतात. आयुर्वेदाच्या दुकानात गोखरू म्हणून मिळतं ना, तेच. तर या सराट्याचा अगदी जवळचा नातेवाईक इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण 1000 किलोमीटर आत समुद्रात, गॅलापागोस बेटांवर उगवतो, आणि तिथल्या चिमणीएवढ्या एका पक्ष्याची चोच किती जाड असावी हे एका वर्षी या सराट्याने ठरवलं. मला ही गोष्ट इतकी आवडते की ऐरोलीच्या खाडीवर पक्षी बघायला आलेल्या कोणालाही मी ती सांगत सुटते, म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावी.

तर या गॅलापागोसमध्ये डॅफ्ने मेजर नावाचं एक बेट आहे. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं टोक, अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही लहान, सावली नाही, प्यायला पाणी नाही, बोटीतून उतरायला धड जागा नाही, कातळावर उडी मारायची. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ नवरा-बायको 1973 पासून तिथे जायला लागले आणि पुढची 40 वर्षं जात राहिले. पाण्याचे कॅन आणि खाणंपिणं सगळं बोटीने न्यायचं, तंबूत राहायचं आणि बेटावरचा जवळजवळ प्रत्येक फिंच, म्हणजे तो चिमणीएवढा पक्षी, पकडून त्याच्या पायात रंगीत कडी घालायची, वजन करायचं, चोच मोजायची, लांबी, रुंदी, जाडी. मग सोडून द्यायचं आणि तो काय खातो, कोणाबरोबर जोडी जमवतो, पिल्लं किती जगली हे वहीत लिहायचं. वर्षानुवर्षं. हे असलं काम करणाऱ्या माणसांबद्दल मला किती आदर वाटतो हे सांगता येणार नाही, कारण पहिली काही वर्षं या वहीतून काही निघेल की नाही याची कसलीच गॅरंटी नव्हती.

आणि मग आलं 1977. आधीच्या वर्षी पावसाळ्यात 127 मिलिमीटर पाऊस झाला होता, त्या वर्षी फक्त 24. आपल्याकडे जुलैत ऐरोलीला तेवढा एखाद्या दुपारी पडून जातो आणि आपण लोकल चालू आहेत का एवढंच बघतो, पण तिथे तेवढ्यावर सगळं वर्ष काढायचं होतं. झाडांना बिया धरल्या नाहीत, फिंचांनी त्या वर्षी अंडीच घातली नाहीत, जमिनीवर पडलेल्या जुन्या बारीक मऊ बिया होत्या त्या पक्ष्यांनी पहिल्या काही महिन्यांत वेचून संपवल्या. उरलं काय तर सराटा. कडक, काटेरी, आत बिया आहेत पण फोडायला चोच अडकित्त्यासारखी पाहिजे. बेटावर सगळ्यात जास्त असणारा जो मध्यम ग्राउंड फिंच, त्याच्यात जशी आपली नाकं कमीजास्त असतात तशा चोचीही कमीजास्त जाडीच्या होत्या, सरासरी 9.4 मिलिमीटरच्या आसपास. ज्यांची चोच थोडी जाड त्यांना सराटा फुटत होता, ज्यांची थोडी बारीक त्यांना नाही. एवढंच. दुष्काळ संपेपर्यंत 85 टक्के मध्यम फिंच मेले. माद्या आकाराने लहान, त्या नरांपेक्षा कितीतरी जास्त मेल्या. 1976 साली जन्मलेल्या ज्या 388 पिल्लांना कडी घातली होती त्यातलं 1978 ला एकच जिवंत सापडलं, एक!

वाचलेल्यांच्या चोची मोजल्या तर सरासरी भरली 9.96. म्हणजे फरक किती, तर साधारण अर्धा मिलिमीटर. आपल्या डोळ्याला दिसणारही नाही असा फरक, आणि त्याच्यावर कोण जगणार कोण मरणार ते ठरलं.

इथपर्यंत सांगितलं की माझी आठवीतली भाची हमखास मधे बोलते, मावशी, म्हणजे फोडून फोडून त्यांची चोच मोठी झाली ना? नाही ग बाई, नाही. हे मला अगदी तळमळीने सांगावंसं वाटतं कारण मोठी शिकलेली माणसंसुद्धा असंच धरून चालतात की पक्ष्याला गरज पडली म्हणून त्याने चोच बदलली. एकाही पक्ष्याची चोच बदलली नाही. जो 9 मिलिमीटरवाला होता तो 9 मिलिमीटर घेऊनच उपाशी मेला. बदलली ती सरासरी, कारण बारीक चोचीचे निघून गेले आणि जाड चोचीचे उरले, आणि चोचीचा आकार आईबापांकडून पिल्लांत येतो म्हणून 1978 मध्ये जन्मलेली नवी पिढी दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा साधारण 4 टक्के जाड चोचीची निघाली. डार्विनला वाटायचं की निसर्गाची ही निवड इतकी हळू चालते की माणसाला चालू असताना दिसणारच नाही, आणि इथे दोन माणसं तंबूत बसून ती वर्षा-दोन वर्षांत मोजून मोकळी झाली.

बरं यात जाड चोच चांगली असंही काही नाही हां. 1983 मध्ये एल निनोमुळे त्याच बेटावर 1300 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, वेली इतक्या माजल्या की त्यांनी सराटा आणि निवडुंग झाकूनच टाकला, जिकडेतिकडे बारीक बियांचा सडा. आता जाड चोचवाल्याला बारीक बिया टिपत बसणं जड जायला लागलं, त्याच्या अंगाला खाणंही जास्त लागतं, आणि पुढच्या दोन वर्षांत लहान चोचीचे जास्त टिकले. काटा उलटा फिरला. आणि 2003-04 च्या दुष्काळात तर गंमतच झाली, तोपर्यंत डॅफ्नेवर मोठा ग्राउंड फिंच ही दुसरी जात राहायला आली होती, त्याची चोच भलतीच दणकट, सराटा तो पटापटा फोडून खातो, त्याने सगळा साठा फस्त केला. मग मध्यम फिंचातले जाड चोचवाले, जे 1977 मध्ये वाचले होते त्यांच्यासारखेच, ते या वेळी जास्त मेले आणि बारीक चोचवाले बारक्या बियांवर कसेबसे निभावून गेले. दुष्काळ तोच, बेट तेच, पक्षी तोच, फक्त शेजारी नवीन आला आणि निकाल बरोब्बर उलटा लागला. पुढे 2016 मध्ये तो जीनसुद्धा सापडला, एचएमजीए2 नावाचा, चोचीचा आकार लहान की मोठा यात त्याचा मोठा हात आहे आणि त्या दुष्काळात कोण वाचलं ते त्याच्यावरून बऱ्यापैकी कळत होतं.

डार्विनबद्दल थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं तो बेटावर उतरला, चोची बघितल्या आणि सिद्धांत सुचला. तो 1835 मध्ये तिथे पाचेक आठवडे होता, पक्षी गोळा केले पण कुठला फिंच कुठल्या बेटावरचा हे नीट लिहिलंही नाही, आणि हे सगळे एकाच घराण्यातले आहेत हे 1837 मध्ये लंडनला जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने त्याला सांगितलं. आज आपल्याला कळलंय की हे फिंच दक्षिण अमेरिकेतल्या टॅनेजर घराण्यातले, त्यांचे पूर्वज वीसेक लाख वर्षांपूर्वी बेटांवर आले असावेत आणि त्या एका थव्यातून आज दीड डझनाच्या आसपास जाती झाल्यात.

या जातींचं खाणं बघितलं की डोकं गरगरतं. निवडुंगाचा फिंच लांब टोकदार चोच फुलात घालून मध आणि परागकण खातो. वॉर्बलर फिंचची चोच सुईसारखी बारीक, तो पानांवरचे किडे टिपतो. काही ग्राउंड फिंच इग्वाना आणि कासवांच्या अंगावरच्या गोचिड्या काढून खातात, आणि कासव पण शहाणं, मान लांब करून पाय ताणून उभं राहतं. वुडपेकर फिंचकडे सुतारपक्ष्यासारखी लांब जीभ नाही, तर तो काडी किंवा निवडुंगाचा काटा चोचीत धरून झाडाच्या फटीतली अळी कोरून काढतो. आणि वुल्फ आणि डार्विन या दोन टोकाच्या बेटांवर, जिथे पाण्याची बोंब, तिथला व्हँपायर फिंच बूबी नावाच्या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पंखाच्या मुळाशी टोचून त्याचं रक्त पितो, शिवाय त्याची अंडी पायाने ढकलत दगडावर आपटून फोडतो.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पोस्टरवर कधीच नसते. पोस्टरवर असतं की ही चोच म्हणून हे खाणं, ती चोच म्हणून ते खाणं. प्रत्यक्षात पाऊस चांगला झाला की बरेचसे ग्राउंड फिंच मिळून एकच खातात, सोपं मऊ जे मिळेल ते, अळ्या, बारीक बिया, तेव्हा कोणाची चोच कशी आहे याला फारसा अर्थ नसतो. वाईट दिवस आले की मग जो तो आपापल्या चोचीला जे जमतं त्याच्याकडे वळतो. वुडपेकर फिंचचंही तेच, दमट जंगलात राहणारे काडी क्वचित वापरतात, कोरड्या भागातले कोरड्या मोसमात खूप वापरतात. म्हणजे चोच घडते ती टंचाईत. भरल्या ताटावर नाही.

हे कळल्यापासून माझं खाडीवरचं बघणंच बदललं. ऐरोलीला ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडला की बघा, लहान रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालून चोच उलटी बुडवतो आणि पाण्यातलं शेवाळ गाळून खातो, शेकाट्या लांब पायांवर चालत सरळ बारीक चोचीने वरवरचं टिपतो, कर्ल्यू ती लांबलचक वाकडी चोच बिळात घालून खेकडा ओढून काढतो, आणि चिखल्या आखूड चोचीने दोन पावलं पळून थांबतो, टिपतो, परत पळतो. सगळे एकाच चिखलात. हे फिंचांसारखे एका घराण्यातले नाहीत, प्रत्येकाचा इतिहास वेगळा आणि कितीतरी जुना, पण दोन भरतींच्या मधल्या थोड्या वेळात पोट भरायचं हा हिशोब सगळ्यांचा एकच आहे. आता मी नुसता पक्षी दिसला म्हणून फोटो काढत नाही, चोच चिखलात कुठपर्यंत गेली ते बघत बसते.

आणि अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1981 मध्ये डॅफ्नेवर एक परका नर आला, थेट एस्पान्योला बेटावरून, 100 किलोमीटरहून लांब. अंगाने मोठा, चोच वेगळी, गाणं वेगळं. फिंचांमध्ये नर पिल्लू गाणं बापाकडून शिकतं आणि मादी गाण्यावरून आपला कोण ते ओळखते. याने तिथल्या मध्यम फिंचच्या मादीशी जोडी जमवली, पिल्लं झाली, त्यांनी बापाचं परकं गाणं उचललं आणि मग पुढे हे लोक आपापसातच जोड्या जमवायला लागले. मधे 2003 च्या सुमाराच्या त्या दुष्काळात त्यांच्यातले फक्त दोन उरले, भाऊ आणि बहीण, त्यांच्यापासून परत वंश वाढला. त्यांची चोच मध्यम आणि मोठ्या फिंचच्या मधली आहे, म्हणून खाण्याची त्यांची त्यांची जागा आहे. 2017 मध्ये त्यांचा जीनोम तपासून हे सगळं छापून आलं. ग्रँट मंडळींच्या गटाने त्या पहिल्या नराला कडी घातली होती हो! नवीन वंश पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर, कोणाच्या नशिबात येतं हे.

आता जी गोष्ट मला टोचते ती. सांताक्रूझ बेटावर प्वेर्तो आयोरा नावाचं गाव आहे, गॅलापागोसमधलं सगळ्यात मोठं. तिथे मध्यम फिंचमध्ये पूर्वी दोन गट स्पष्ट दिसायचे, मोठ्या चोचीचे आणि लहान चोचीचे, मधले कमी. गाव वाढलं, टुरिस्ट आले, फिंच हॉटेलच्या टेबलाखाली भात, बिस्किटं, वेफर्स खायला लागले, आणि दोन गटांमधला तो फरक पुसट झाला. वेफर फोडायला काय, कुठलीही चोच चालते. एलिफंटाच्या लाँचवर कुरवांना कुरकुरीत काहीबाही फेकणारे लोक बघितले की मला हेच आठवतं आणि मी बोलते त्यांना, कोणी ऐकतं, कोणी नाही. कुरवांचं नुकसान त्याच प्रकारचं होईल असं मी म्हणत नाही, पण पक्ष्याला फुकटचं तळलेलं घालणं ही दया नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि माणसाबरोबर आलेली ती माशी, फिलॉर्निस डाउन्सी. तिच्या अळ्या घरट्यात राहून रात्री फिंचच्या पिल्लांचं रक्त पितात, कितीतरी घरट्यांतली सगळीच्या सगळी पिल्लं मरतात. तिच्यापुढे जाड चोच, बारीक चोच काही कामाची नाही. सगळ्यात वाईट अवस्था खारफुटीतल्या फिंचची आहे, इसाबेला बेटाच्या थोड्याशा खारफुटीत उरलेले शंभराच्या आसपास पक्षी. 2014 पासून काही वर्षं संशोधकांनी उंच फांद्यांवरच्या घरट्यांतून अंडी काढली, प्वेर्तो आयोराच्या चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात उबवली, पिल्लांना हाताने भरवून वाढवलं आणि उडती झाली की परत त्याच खारफुटीत नेऊन सोडलं. तिथल्या नवीन पिल्लांची काही बातमी आली की मी सगळ्यात आधी तीच वाचते.